गाठ दुर्मीळ आहे म्हणतात, म्हणजे नेमकं काय? कोकणातल्या घराघरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर-कणकवली पट्ट्यात मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाठी नेहमीच्या असतात: गर्भपिशवीतले फायब्रॉईड, अंडाशयातले पाण्याचे सिस्ट, चॉकलेट सिस्ट. त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला भरपूर मिळतं. पण अधूनमधून एखादी बाई अशी येते की तिच्या रिपोर्टवरचं नाव कुणी कधी ऐकलेलं नसतं. घरातला शिकलेला मुलगा ते नाव मोबाईलवर शोधतो आणि त्या रात्री घरात कुणी झोपत नाही. हे पान अशा घरांसाठी आहे. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, क्रमही साधारण तोच.

"डॉक्टरानू, कॅन्सर तर नाय मां?"

पहिला प्रश्न हाच. आणि तो बाई स्वतः क्वचित विचारते. तिला बाहेर बाकावर बसवून नवरा किंवा मुलगा आत येतो आणि आवाज खाली आणून विचारतो.

पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयाची गाठ कॅन्सरची नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. पाळी गेल्यावर तेवढ्या खात्रीनं बोलता येत नाही, म्हणून तिथे तपासण्या जास्त आणि थांबणं कमी. पण खरं उत्तर गाठ निघून पॅथॉलॉजिस्टच्या (पेशी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या) काचपट्टीवर गेल्यावरच मिळतं. सोनोग्राफी, रक्ततपासणी, एमआरआय, माझा पोटावरचा हात, हे सगळे अंदाज. गाठीचं बारसं सूक्ष्मदर्शकाखाली होतं, त्याआधी कुणी नाव घेतलं तर ते पाळण्यातलं टोपणनाव समजा.

आणि बाईला बाहेर बसवू नका. पोट तिचं आहे.

साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यात फरक काय?

साधी गाठ शेजारच्या अवयवाला ढकलते, त्यात घुसत नाही, आणि दूर जाऊन नवी वस्ती करत नाही. कॅन्सर दोन्ही करतो. दुर्मीळ गाठींत या नियमाला अपवाद आहेत, ते पुढे येतील. शिवाय 'बॉर्डरलाइन' नावाचा एक मधला वर्गही आहे: पूर्ण साधी नाही, पूर्ण कॅन्सर नाही.

साधी म्हणजे निरुपद्रवी असं मात्र समजू नका. साधी गाठ देठावर पीळ घेऊ शकते, लघवीची नळी दाबून मूत्रपिंड सुजवू शकते, रक्त इतकं घालवू शकते की हिमोग्लोबिन पाच-सहावर येतं आणि बाई त्यातच भाताची लावणी करत राहते.

या दुर्मीळ गाठी आहेत तरी कोणत्या?

सगळ्या सांगत बसले तर पान संपणार नाही. ज्यांची नावं आमच्या भागातल्या रिपोर्टांवर दिसतात त्या सांगते.

अंडाशयातला फायब्रोमा. अंडाशयाच्या सगळ्या गाठींत साधारण ४ टक्के. आतून सुक्या खोबऱ्यासारखा पांढरा आणि टणक. बहुतेकदा पन्नाशीच्या आसपास. हा काही हार्मोन तयार करत नाही, गप्प वाढत राहतो.

त्याचा भाऊ थिकोमा. हा पिवळसर असतो आणि इस्ट्रोजेन हा बायकी हार्मोन तयार करतो. त्यामुळे पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून जायला लागतं. शेजारणी 'परत तरुण झालीस गो' म्हणून थट्टा करतात आणि बाई सहा महिने गप्प राहते. पाळी गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्या अस्तरात कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून थिकोमाचा संशय असला की अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ब्रेनर ट्यूमर. फ्रिट्झ ब्रेनर या जर्मन डॉक्टरांनी १९०७ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. बहुतेक ब्रेनर साधे असतात आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या ऑपरेशनात सापडतात.

स्ट्रुमा ओव्हराय. केस-दात-चरबी असलेला डर्मॉईड तुम्ही ऐकला असेल, तो दुर्मीळ नाही. पण एखाद्या डर्मॉईडमध्ये निम्म्याहून जास्त भाग थायरॉईडच्या पेशींचा निघाला तर त्याला हे नाव मिळतं. थायरॉईड गळ्यात, आणि त्याची गाठ ओटीपोटात! यातल्या थोड्याच बायकांना थायरॉईड वाढल्याची लक्षणं होतात: छातीत धडधड, वजन उतरणं, हात थरथरणं. गळ्यात काही सापडत नाही, गोळ्यांनी पुरतं नियंत्रण येत नाही, आणि मग कुणाला तरी पोटाची सोनोग्राफी करावीशी वाटते.

याशिवाय ॲडिनोमॅटॉईड ट्यूमर आहे. तो नळीत किंवा पिशवीच्या भिंतीत असतो, लहान असतो आणि सहसा काहीच त्रास देत नाही. रिपोर्टवर दिसला तर वाचून पुढे जा.

सोनोग्राफीत 'सॉलिड मास, मॅलिग्नन्सी नाकारता येत नाही' असं लिहिलंय. संपलं का सगळं?

'नाकारता येत नाही' हे सोनोग्राफी करणाऱ्याचं सावधगिरीचं वाक्य आहे, निदान नव्हे. घन गाठीची काळजी जास्त घ्यायची हे खरं. पण फायब्रोमाही घनच असतो. देठावर लटकणारा पिशवीचा फायब्रॉईड अनेकदा अंडाशयाची घन गाठ म्हणून लिहिला जातो.

अशा वेळी एमआरआय कामाला येतो. फायब्रोमासारख्या तंतुमय गाठी एमआरआयच्या ठरावीक चित्रांत काळ्या दिसतात, आणि अनुभवी डोळ्याला तो काळेपणा बरंच काही सांगतो. मात्र प्रत्येक गाठीला एमआरआय लागत नाही. पाच सेंटिमीटरच्या आतला, नुसतं पाणी भरलेला, पातळ भिंतीचा सिस्ट असेल आणि पाळी चालू असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. तरीही अशा मुलींचे एमआरआय करून आणलेले मी पाहते. ते पैसे वाया गेलेले असतात.

सीए-१२५ वाढलाय. रिपोर्टवर आकडा लाल रंगात आहे.

त्या लाल आकड्यानं आमच्या भागात जितकी घरं रडवली आहेत तितकी खुद्द कॅन्सरनं रडवली नसतील.

सीए-१२५ ही रक्ततपासणी, अंडाशयाच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात. पण हा आकडा पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, चॉकलेट सिस्टमध्ये वाढतो, फायब्रॉईडमध्ये वाढतो, पोटाच्या टीबीत तर कित्येक पटींनी वाढतो. उलट, सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये तो नॉर्मलही असू शकतो. म्हणून नुसता आकडा बघून काही ठरवत नाहीत. पाळी गेली आहे का, सोनोग्राफीत गाठ कशी दिसते, आणि मग हा आकडा, पहिल्या दोन्हींना गुण देऊन असा तिन्हींचा गुणाकार करून जोखीम काढायची पद्धत १९९० पासून वापरात आहे. तो गुणाकार २०० च्या वर गेला तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

तरुण मुलीला घन गाठ असेल तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या जास्त उपयोगाच्या, कारण त्या वयातले कॅन्सर वेगळ्या जातीचे असतात. वीस वर्षांच्या मुलीचा नुसता सीए-१२५ करून आणलात तर अर्धंच काम झालं.

पोटात पाणी झालंय, छातीतही पाणी आहे, अंडाशयाला गाठ आहे. एका ठिकाणी 'घरी न्या' म्हणाले.

थांबा. घरी नेऊ नका.

एक बाई आठवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). खाडीकाठच्या गावातल्या, सुकी मासळी विकणाऱ्या, साठीच्या जवळ. पोट नऊ महिन्यांच्या गरोदर बाईसारखं, उजव्या छातीत पाणी, आडवं झोपलं की दम. एका दवाखान्यात शेवटची स्टेज म्हणून सांगितलं होतं. मुंबईचे चाकरमानी मुलगे रात्रीच्या गाडीनं आले होते ते तयारीनंच. धाकटा जाता जाता, केवळ मनाला रुखरुख नको म्हणून, फाईल दाखवायला आला.

छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. पोटातल्या पाण्यातही नव्हत्या. पोटाच्या पडद्यावर इतरत्र कुठे गाठी नव्हत्या. डाव्या अंडाशयाला सोललेल्या नारळाएवढी एकच घन गाठ, वरून गुळगुळीत. ऑपरेशन झालं, गाठ फायब्रोमा निघाली. पुढच्या काही आठवड्यांत छातीतलं पाणी आपोआप आटलं, पुन्हा भरलं नाही.

याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. बोस्टनचे जो मेग्ज यांनी १९३७ मध्ये अशा सात रुग्णांची माहिती छापली. अंडाशयाची साधी घन गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी (बहुतेकदा उजवीकडे), आणि गाठ काढल्यावर पाणी कायमचं जाणं, ही त्याची खूण. शेवटची अट महत्त्वाची: ऑपरेशन झाल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. सीए-१२५ यातही वाढलेला असू शकतो, म्हणजे कागदावर सगळं कॅन्सरसारखंच दिसतं. मेग्ज अगदी विरळ आहे. पोटात पाणी आणि गाठ असलेल्या बहुतेक बायकांना हे नसतं, कॅन्सर असण्याची भीती खरीच असते. माझं म्हणणं एवढंच की पेशी न तपासता कुणाला घरी पाठवू नये.

आपल्याकडे याहून जास्त आढळणारी फसगत म्हणजे पोटाचा टीबी. पाणी, बारीक ताप, वजन उतरणं, अंडाशयाजवळ गोळा, सीए-१२५ पाचशे. दुर्बिणीतून पोटाच्या पडद्याचा छोटा तुकडा घेतला की उलगडा होतो, आणि सहा महिन्यांची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. टीबी आहे हे न कळता पोट उघडून सगळं काढलं गेलं, अशाही बायका मी पाहिल्या आहेत.

ऑपरेशनआधी सुई घालून गाठ तपासून घेता येणार नाही का?

अंडाशयाच्या गाठीत सुई सहसा घालत नाहीत. ती चुकून कॅन्सरची निघाली तर सुईच्या वाटेनं पेशी पोटात सांडतात, आणि एका जागी असलेला आजार पसरलेला होतो. पोटातलं पाणी काढून तपासणं वेगळं, ते चालतं.

चेहऱ्यावर अचानक केस आलेत, आवाज घोगरा झालाय. हा पीसीओडी का?

पीसीओडीचे केस शाळा-कॉलेजच्या वयापासून हळूहळू येतात. चार-सहा महिन्यांत दाढीसारखे केस, पाळी बंद, आवाज जाड, डोक्यावरचे केस विरळ, असं झपाट्यानं झालं तर पुरुषी हार्मोन बनवणारी गाठ शोधावी लागते, अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच्या कैक पट असतो. अंडाशयातली गाठ कधी कधी इतकी लहान असते की सोनोग्राफीत दिसतच नाही. गाठ काढली की पाळी परत येते, केसांची वाढ थांबते. आवाज मात्र पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून पार्लर बदलत वर्ष घालवू नका.

गरोदरपणात असं झालं तर गोष्ट वेगळी. 'ल्युटिओमा' नावाची गाठ त्या काळात येते आणि बाळंतपणानंतर आपोआप विरते. तिला कापायला घाई करणं ही चूक.

जागेवर, बाहेरच्या बाजूला गाठ आहे. दाखवायची लाज वाटते.

ठाऊक आहे. लुगडं वर न करता 'इकडेच कुठेतरी' असं सांगून औषध मागणाऱ्या बायका रोज येतात.

तिथली बहुतेक गाठ योनीच्या तोंडाशी असलेल्या बार्थोलिन ग्रंथीची पाणगाठ असते. चाळिशीपर्यंत ती निचरा करून निभावते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच तिथे गाठ आली तर तुकडा तपासायचा, हा नियम मोडू नये. चरबीची गाठ, घामाच्या ग्रंथीची गाठ, योनीच्या भिंतीतला फायब्रॉईड, हेही तिथे सापडतात.

आणि एक आहे जिच्या नावानंच धडकी भरते: 'ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा'. १९८३ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेली, मऊ, जेलीसारखी गाठ. बाहेरून लिंबाएवढी दिसते आणि एमआरआय केला की आत ओटीपोटात कलिंगडाच्या वेलीसारखी पसरलेली निघते. नावात 'आक्रमक' आहे ते एवढ्यासाठीच की ती आजूबाजूला शिरते आणि काढल्यावर त्याच जागी परत येऊ शकते, कधी कधी कैक वर्षांनी. शरीरात दूर पसरणं जवळजवळ नाहीच. ही कॅन्सर नाही, केमोथेरपी लागत नाही. एमआरआय न करता 'चरबीची गाठ आहे, पाच मिनिटांत काढू' म्हणून चीर दिली की गाठ अर्धी आत राहते. तिच्या वाढीला इस्ट्रोजेन मदत करतो, म्हणून पाळी थांबवणारी इंजेक्शनं देऊन तिला आटवता येतं. ऑपरेशननंतर अनेक वर्षं तपासणी चालू ठेवायची. लाजेपोटी दोन वर्षं काढलीत तर तेवढ्या वेळात वेल पसरते.

फायब्रॉईड फुप्फुसात जातो असं वाचलं. खरं का?

फार विरळ, पण खरं. नियम मोडणाऱ्या साध्या गाठी म्हटलं त्या ह्या. फायब्रॉईडचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या छातीच्या एक्स-रेत अनेक वर्षांनी गोल गाठी दिसतात. तुकडा घेतला तर पिशवीच्या साध्या स्नायूच्याच पेशी! १९३९ मध्ये स्टाइनर यांनी अशी नोंद केली होती. पाळी गेल्यावर यातल्या बऱ्याच गाठी आपोआप थांबतात. दुसरा प्रकार शिरेत शिरतो आणि शिरेच्या वाटेनं वर चढत हृदयापर्यंत पोचू शकतो. तिथे हृदयाचे सर्जन बरोबर घ्यावे लागतात.

तिसरा प्रकार काहीसा माणसानंच तयार केलेला आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनात मोठा फायब्रॉईड यंत्रानं बारीक करून काढतात. त्याचे कण पोटात सांडले तर आतड्यावर, पडद्यावर रुजतात. ती गाठ मुळात कॅन्सरची निघाली तर अनर्थच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये या यंत्राबद्दल इशारा दिला, तेव्हापासून बरेच सर्जन गाठ पोटातच एका बॅगेत घालून मगच बारीक करतात. ऑपरेशनआधी तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "गाठ बॅगेत घालून काढणार का?" विचारल्याबद्दल कुणी रागावलं तर दुसरे डॉक्टर शोधा.

ऑपरेशन आंबे आटपल्यावर, नाहीतर गणपती झाल्यावर केलं तर चालेल का?

कॅन्सरचा संशय कमी असेल, दुखत नसेल, तर कित्येकदा चालतं. दोन-तीन महिन्यांनी साध्या गाठीचं काही बिघडत नाही. मी स्वतः बायकांना काजू-आंब्याचा हंगाम संपू देते, कारण घरातली बाई एप्रिलमध्ये आडवी पडली तर घराचं वर्षाचं गणित मोडतं.

पण एका गोष्टीला थांबायचं नाही. अचानक एका बाजूला जीवघेणी कळ, त्याबरोबर उलट्या, म्हणजे गाठीनं देठावर पीळ घेतला असावा. पित्ताची गोळी, ओवा, शेक यात रात्र घालवू नका. १०८ ला फोन करा. काही तासांत पीळ सोडवला तर काळंनिळं पडलेलं अंडाशयसुद्धा पुष्कळदा जगतं, तरुण मुलीच्या बाबतीत तर ते वाचवायचाच प्रयत्न करायचा.

"गाठीबरोबर पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढून टाका एकदाची, कटकट नको."

हे वाक्य मी नवऱ्यांकडून ऐकते, सासूकडून ऐकते, आणि दुर्दैवानं काही डॉक्टरांकडूनही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. कोकणात ऊसतोड नसेल, पण 'मुलं झाली, आता ती पिशवी कशाला' ही समजूत इथेही घट्ट आहे.

चाळीस वर्षांच्या बाईची दोन्ही अंडाशयं काढली की दुसऱ्या दिवसापासून तिची पाळी गेल्यासारखी अवस्था होते: अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड, पुढे हाडं ठिसूळ, हृदयविकाराचा धोका वाढलेला. ती हा त्रास सांगते तेव्हा घरचे म्हणतात, ऑपरेशन झालं ना, आता काय? एका बाजूची गाठ साधी असेल तर ती बाजू, आणि जमलं तर नुसती गाठच, काढायची. तरुण मुलीत फायब्रोमासुद्धा सोलून काढता येतो. पिशवीला हात लावायला वेगळं कारण लागतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईत दोन्ही अंडाशयं काढणं अनेकदा योग्य ठरतं, तिथे मी अडून बसत नाही.

ऑपरेशन चालू असतानाच कळावं म्हणून फ्रोझन सेक्शन असतं. गाठीचा तुकडा तिथल्या तिथे गोठवून पॅथॉलॉजिस्ट अर्ध्या-पाऊण तासात अंदाज सांगतो. तालुक्याच्या गावी ही सोय नसते. संशय जास्त असेल तर ती सोय असलेल्या ठिकाणीच ऑपरेशन करा, मग ते कितीही लांब असो.

गाठ काढली, बरणीत घालून हातात दिली आणि लॅबला नेऊन द्या म्हणाले. काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, मीच विचारायला लावते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून एक बरणी एसटीनं जिल्ह्याला निघाली. झाकण नीट बसलं नव्हतं, चूक आमच्याच माणसांची. वाटेत फॉर्मॅलिन, म्हणजे गाठ सडू नये म्हणून बरणीत घालतात ते रसायन, सांडलं. त्यात सणाची सुट्टी आली, लॅब बंद. अशी वस्तू घरात कशी घ्यायची म्हणून नातेवाइकांनी बरणी अंगणात पेरूच्या झाडाखाली ठेवली, आणि सुकू नये म्हणून चांगल्या मनानं तिच्यात साधं पाणी भरलं. चार दिवसांनी लॅबकडे पोचली ती सडलेली गाठ. त्या बाईला आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही की गाठ नेमकी कोणती होती. दर सहा महिन्यांनी ती येते, सोनोग्राफी करते, आणि दोघी थोड्या घाबरलेल्या असतो.

म्हणून: बरणीत दहा टक्के फॉर्मॅलिनच हवं, सलाईन नको, पाणी नको, स्पिरिट नको. गाठीच्या दसपट तरी द्रव हवा. गाठ मोठी असेल तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचावं म्हणून तिला चीर दिली का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बरणी उघडू नका. झाकणावर चिकटपट्टी, बरणीवर नाव, वय, तारीख, कुठल्या बाजूचं अंडाशय. सोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स. पॅथॉलॉजिस्टला बाईचं वय आणि पाळीची माहितीच कळली नाही तर तो तरी काय सांगणार?

आणि 'साधीच दिसतेय, पाठवायची गरज नाही' असं कुणीही म्हणालं तर ऐकू नका. पाठवायचीच.

दोन लॅबच्या रिपोर्टवर दोन वेगळी नावं आली. कुणावर विश्वास ठेवू?

दुर्मीळ गाठीत हे होतं, त्यात फसवणूक नसते. ज्या पॅथॉलॉजिस्टनं अशा गाठी चारच पाहिल्यात आणि ज्यानं चारशे पाहिल्यात, त्यांच्या नजरेत फरक राहणारच. अशा वेळी इम्युनो नावाची तपासणी करतात. पेशींना ठरावीक रंग लावून त्या स्नायूच्या, तंतूच्या की अंडाशयाच्या हार्मोनवाल्या घराण्यातल्या, ते ओळखतात. त्याला काही दिवस जास्त लागतात.

त्यासाठी लागतो मेणाचा ब्लॉक. गाठीचे तुकडे मेणात बसवून लॅब जपून ठेवते, त्यातूनच काचपट्ट्या कापतात. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागायचा तुम्हाला हक्क आहे. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी नुसत्या काचपट्ट्या दाखवून मत घेता येतं. पेशंटला पावसात दरडी चुकवत घाटातून नेण्याआधी काचपट्ट्यांना प्रवास करू द्या.

पुढे मूल होईल का?

एक अंडाशय आणि एक नळी चांगली असेल तर होतं. गरोदरपणातच गाठ सापडली आणि ती काढायलाच हवी असं ठरलं, तर साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात काढणं बरं.

दाखवायला जायचं कुठे? खर्चाचं काय?

आधी जवळचं सरकारी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय सोयीचं. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, पण गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठी तिथले शुल्काचे नियम वेगळे आहेत, आधी विचारून निघा. कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. कॅन्सरचा दाट संशय असेल तरच थेट परळ.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक ऑपरेशनांसाठी. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. आधी, नंतर नव्हे. ऑपरेशन झाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे कागद सहसा अडकतात. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नसतं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. ते काम आजच करून घ्या.

देवाला कौल लावलाय. गावातल्या एकांचं झाडपाल्याचं औषधही चालू आहे.

कौल लावा, गाऱ्हाणं घाला, माझी हरकत नाही. ऑपरेशनच्या दिवशी कपाळाला अंगारा लावून आलेल्या बायका शांत असतात, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते बरं. उजवा कौल मिळेपर्यंत सोनोग्राफी थांबवू नका, एवढंच. झाडपाल्यानं घन गाठ विरघळत नाही. ऑपरेशनच्या आधी तो पाला काय होता हे लपवूही नका, काही पाल्यांनी यकृतावर परिणाम होतो, काहींनी रक्त पातळ होतं.

माझ्या मुलीला पण होईल का?

या साध्या दुर्मीळ गाठी बहुतेक आनुवंशिक नसतात. तरुण वयात दोन्ही बाजूंना चुना साठलेले फायब्रोमा सापडले तर मात्र एका विशिष्ट आनुवंशिक आजाराची चौकशी करावी लागते. घरात आई, मावशी, बहीण यांना अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, तो प्रश्न वेगळा आहे.

किती दिवसांनी कामाला लागू? पाणी भरायचं आहे, लावणी तोंडावर आहे.

दुर्बिणीचं असेल तर घरातली हलकी कामं आठवड्यात, शेताची दोन-तीन आठवड्यांनी. पोट उघडून झालं असेल तर सहा आठवडे हंडा नाही, मोळी नाही, वाकून लावणी नाही. हे मी बाईला सांगत नाही, तिच्या घरच्यांना समोर बसवून सांगते. बाई 'हो' म्हणते आणि तिसऱ्या आठवड्यात विहिरीवर दिसते.

मासे खाऊ का? शेजारची म्हणते माशानं गाठ परत येते.

खा. माशाचा आणि गाठीचा काही संबंध नाही. पोट फुगलेलं असेतोवर पेज, मऊ भात. मग कुळथाची पिठी. एकदा आतडी नीट चालू झाली की मासळी खुशाल खा, जखम भरायला प्रथिनं लागतातच. बांगड्याचं तिखलं मात्र टाके निघेपर्यंत जरा बेतानं, खोकल्याची उबळ आली तर टाक्यांवर ताण पडतो.